टर्बोला कुलूप

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या लॅपटॉपला कुणीतरी हात लावलाय. नक्की!

काल दुपारपर्यंत मशीन माझ्या सेटिंगवर पळत होतं. आज उघडलं तर सगळं मवाळ. प्रोसेसरला किती वीज खाऊ द्यायची ती मर्यादा मी वाढवून ठेवली होती — गायब. ग्राफिक्स कार्डाचा वाढवलेला वेग — गायब. आणि ज्या पट्टीवर मी हे सगळं जुळवायचे ती पट्टीच राखाडी पडलीय. सरकतच नाही. व्हिडिओ बघून बघून, जरा चढव, तापमान बघ, जरा उतरव, असं करत बसवलेली घडी होती ती!

गेमिंगचा लॅपटॉप म्हणतात त्याला, पण ह्या घरात त्याच्यावर कोणी खेळत नाही. त्याच्यावर लग्नं होतात. हे शूट करतात, आवाज बसवतात. मी कापते, जोडते, रंग देते. मशीन मंदावलं की आमचं दुकान मंदावलं.

सासूबाईंना विचारलं. त्या लाल दिव्यांच्या डब्याला आपण कशाला हात लावू, म्हणाल्या. मग ह्यांना विचारलं. तर शांतपणे म्हणतात, अपडेट आलं होतं, टाकलं. कसलं? बायोसचं! म्हणजे मशीन ज्याच्या जोरावर उठतं त्या मुळाचंच. मला न विचारता!

भांडले. हे ऐकून घेतात आणि गप्प बसतात. हल्ली नेहमी असंच.

१९ नोव्हेंबर

कंपनीच्या साईटवर जाऊन वाचलं. नव्या बायोसमध्ये दोनच गोष्टी. एक, सुरक्षेची काही दुरुस्ती, तिच्यापायी ती पट्टी बंद केलीय. दुसरी, जास्त लोडवर पंख्याचा आवाज कमी. जुन्या बायोसवर परत जाता येणार नाही, असंही खाली लिहिलंय.

ह्यांच्या मोबाईलचं अपडेट वर्षभर लोंबकळतंय. त्या माणसाला लॅपटॉपच्या सुरक्षेची एवढी काळजी? कोणापासून सुरक्षा? घरात लॅपटॉप उघडणारी मी एकटी!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा आप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न. शिर्डीत त्यांची दोन हॉटेलं. सात डिसेंबरला रिसेप्शन, तिथं मोठ्या पडद्यावर आपली फिल्म लागणार. आवडली तर शिर्डीतल्या हॉटेलांमधली लग्नं आपल्याकडे येतील. नाही आवडली तर पुन्हा बारशी आणि जागरण-गोंधळ.

मशीनचं एवढं बघायलाच हवं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लग्न झालं. आमच्या मदतीला येणाऱ्या वाल्मिकनं ड्रोन चांगला उडवला. वरातीत हे नेहमीसारखे डीजेच्या भिंतीला पाठ लावून उभे — नवरदेव नाचताना समोरून मिळतो म्हणे. आठ वर्षं हीच जागा. माझी छाती लांबूनसुद्धा धडधडत होती.

आज घरी येऊन मशीन टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरकस मोडवर टाकलं. मळणी यंत्रासारखा पंखा सुटला, म्हणजे काम जोरात. मी चहा ठेवायला गेले आणि परत येते तो पंखा मुका! 'सायलेंट' मोड. खोलीत हे एकटे, लेन्स पुसत बसलेले. विचारलं तर मान हलवली. हो नाही, नाही नाही.

मग म्हटलं बायोसमध्येच जाऊन टर्बो कायमचा लावून टाकते. उघडायला गेले तर — पासवर्ड! लग्नाला आठ वर्षं झाली, आमच्यात कधी कुठल्या गोष्टीला पासवर्ड नव्हता.

काय दडवतायत तिथं?

२६ नोव्हेंबर

आज दुपारी लाईट गेली. रेंडर चालू होतं, जोडलेल्या तुकड्यांची अखंड फिल्म तयार होत होती. मी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. इन्व्हर्टर संपत आल्यावर टीं टीं ओरडतो ना, तो ओरडत होता. मला वाटलं हे आहेत तिथं, रेंडर थांबवून ठेवतील. ओरडून ओरडून तो बंद पडला, मग लॅपटॉपची बॅटरीही बसली. सकाळपासूनचं रेंडर पाण्यात!

हे इन्व्हर्टरच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले. हातभर अंतरावर! मला अंगणात ऐकू आलं आणि ह्यांना नाही?

“कळलंच न्हाई,” म्हणाले.

कळलंच नाही! मला आता शंका नाही, खात्री वाटायला लागलीय. ही फिल्म वेळेत व्हावी असं ह्यांना वाटतच नाही. का, ते कळत नाही.

२७ नोव्हेंबर

फोन आला की हे घराबाहेर जातात. ओट्यावर नाही, पार उसाच्या कडेपर्यंत. पंधरा दिवस झाले बिबट्या फिरतोय, लोक दिवसाढवळ्या काठी घेऊन शेतात जातात, आणि हे फोन कानाला लावून उसाच्या कडेला! बिबट्यापेक्षा मला भितात की काय?

सासूबाईंजवळ बोलले. त्या शेंगदाणे पाखडत होत्या. “आगं, मला तरी कुटं वो देतोय त्यो? चार हाका मारल्या की एकदा वळून बघतो. लगीन झाल्यावर पोरं आईची ऱ्हात न्हाईत,” म्हणाल्या.

आईचे राहत नाहीत हे समजलं. पण बायकोचे तरी राहिलेत का?

२८ नोव्हेंबर

पहिलं गाणं आप्पासाहेबांच्या मुलीला पाठवलं होतं. तिचा मेसेज: चित्रं सुंदर, पण पैंजण कानात टोचतात.

लावून ऐकलं. खरंच! ती मांडवात पाऊल टाकते तिथं पैंजणांचा आवाज इतका चढवलाय की दात शिवशिवले. आवाज ह्यांनी बसवलेला. एवढी वर्षं ह्यांच्या आवाजाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ह्यांना दाखवलं तर चेहरा पडला, आणि बाहेर निघून गेले.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हे श्रीरामपूरला गेले. कार्ड रीडर आणायला. मागच्या आठवड्यातही कार्ड रीडर आणायलाच गेले होते. दोन्ही वेळा हात हलवत परत.

संध्याकाळी आरतीचा फोन. कॉलेजपासूनची मैत्रीण, श्रीरामपुरात स्टेशनजवळ राहते. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, तुझे मिस्टर दिसले आज. एका बाईबरोबर होते, पांढरा कोट घातलेली. रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलत होते दोघं. मी विचारलं, बोलत होते म्हणजे कसे?

म्हणाली, ती पार ह्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत होती, आणि हे मान हलवत होते.

फोन ठेवला. भाकऱ्या थापल्या. एकही धड झाली नाही.

३० नोव्हेंबर

आता ह्या वहीत 'हे' म्हणणार नाही. अंगद. नाव आहे त्याला, नावानं लिहीन.

अंगदला बाहेरचं काहीतरी आहे. लॅपटॉपला कुलूप, फोन उसात, श्रीरामपूरच्या फेऱ्या, आणि मी बोलले की भिंतीसारखा चेहरा. सगळं एका सुतात बसतंय. काम बुडालं की घर मोडायला निमित्त मिळेल, असाच हिशेब दिसतो!

रडले. वहीतच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

पासवर्ड सापडला. त्याची जन्मतारीख, माझी, लग्नाची — सगळं करून झालं होतं. तीनदा चुकलं की मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी माझ्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं. संवत्सर. उघडलं! म्हणजे मी तिथं जाऊन बसावं हे त्याच्या मनात कधीपासून आहे ते बघा.

आत काय सापडलं? काही नाही. फोटो नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. बायोसमध्ये कुठून असणार म्हणा, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पंख्याची मर्यादा तळाला नेऊन ठेवलेली आणि त्याबरोबर विजेची पण. बस, एवढंच. माझ्या कामाचा गळा दाबायला एवढं पुरतं.

मी दोन्ही काटे शेवटापर्यंत चढवले. रेंडर लावलं. पंखा असा सुटला की टेबल थरथरायला लागलं.

अंगद खिडकीशी पाठमोरा बसून ट्रायपॉड जुळवत होता. मी दारात उभी राहिले. आवाज कापू दिला नाही. म्हटलं, “मी माहेरी चाललेय. तुमचं श्रीरामपूरला जे काय आहे ते खुशाल चालू द्या.”

वळला नाही.

पुन्हा म्हटलं. शब्द न शब्द तोच. त्यानं ट्रायपॉडचा स्क्रू आवळला, फुंकर मारून धूळ उडवली. वळला नाही!

असा निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी मी थांबले असते. पिशवी भरली आणि निघाले.

२ डिसेंबर. संवत्सर

त्याचा मेसेज आला: “कुठं गेलीस? सांगून तरी जायचं.”

सांगून! दोनदा सांगितलं मी! आता कांगावा सुरू.

आईनं, म्हणजे आमच्या बनुबाईंनी, काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, “आलीस तर ऱ्हा चार दिस.” आणि मला आवडतं म्हणून लसणाची चटणी वाटली. आईनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

आला नाही. फोनही नाही. नुसते मेसेज. बोलायचीसुद्धा लाज वाटत असेल.

४ डिसेंबर, गुरुवार

अंगद आला. तिसऱ्या प्रहरी, मोटारसायकलवर. दाढी वाढलेली. पडवीत बसला.

इथं आमच्या वस्तीवर दुपारी चिटपाखरू नसतं. मी आतून आईला हळूच म्हटलं, ह्यांना चहा दे, साखर कमी घाल. तर बाहेरून आवाज आला, “साखर घाला, आज चालंल.” म्हणजे ऐकू येतं की सगळं! कुजबुजसुद्धा! मग सोमवारी दारात दोनदा बोलले तेही ऐकलंच होतं. ऐकून पाठ फिरवून बसला होता. माझ्या मनात राहिलेली तिळाएवढी आशा होती, तीही गेली.

आई चुलीकडे गेल्यावर विचारलं, पासवर्ड कशाला?

“पंखा लई वरडतो गं. डोकं उठतं.”

आठ वर्षं डीजेला टेकून उभा राहणाऱ्याचं डोकं लॅपटॉपच्या पंख्यानं उठतं! हसू आलं मला. ती बाई कोण, विचारलं. बराच वेळ अंगठ्यानं जमीन उकरत बसला. मग म्हणाला, “घरी चल, सांगतो. हितं नको.”

मी म्हटलं, फिल्मपुरती येते. आप्पासाहेबांना शब्द दिलाय. फिल्म झाली की तुम्ही तुमच्या वाटेनं, मी माझ्या.

मान हलवली. रात्री पडवीतच झोपला. उद्या सकाळी निघायचं.

५ डिसेंबर

कोपरगाव सोडल्यावर चाकातली हवा बघायला गाडी थांबवली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, वर हे भलेमोठे स्पीकर, गाणं ठणाणा. माझं तोंड चालूच होतं. त्या बाईचं नाव सांगा, म्हणत होते. हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि हसून म्हणाले, “व्हय.”

ट्रॅक्टर लांब गेला. मी विचारलं, “तुम्हाला ऐकू येत नाही का?”

हे उसाकडे बघत राहिले. “शांततेत येतं. आवाजात काय बी कळत न्हाई. बारीक आवाज तर गेलेच. ती बाई कान तपासनारी हाय.” मग म्हणाले, “कुनाला सांगू नको, सुकन्या. लग्नाचं काम कोन दील मला?”

इन्व्हर्टर. पैंजण. दारात दोनदा.

घरी येऊन बायोस उघडलं. दोन्ही काटे मीच परत तळाला नेले. पासवर्ड तोच ठेवला. पैंजण मी खाली आणले, इथून पुढे आवाज मी बसवणार. आप्पासाहेबांना कळवलं, फिल्म जरा आखूड होईल.

रेंडर सावकाश चाललंय, खोली शांत आहे. हे खिडकीशी पाठमोरे बसलेत. दारात उभी राहून हळूच “अहो” म्हटलं.

वळले.