बाहेरच्या खोलीतली रांग

४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मध्येच बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आमचं ऑफिस बंद पडलं ते तुला कळलंच आहे. सोमवारी जिना चढून गेले तर दाराला कुलूप, आणि आत माझी पट्टी, माझ्या पेन्सिली, माझा चहाचा कप. इतकी वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले, पण मालक कुठल्या दाराने पसार झाले ते मला दिसलं नाही. थकलेला पगार बुडाला असंच धरून चालले आहे.

तू म्हणालास, घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे राहायला ये, वहिनीच्या आईकडे बघायलाही कुणीतरी हवंच आहे. मी रागावले नाही. खरंच नाही ना, हे नीट तपासून पाहिलं. थोडी रागावले. पण शब्द देते: घरपट्टी, वीज आणि माझं पोट हे उन्हाळा संपेपर्यंत माझ्या कमाईत भागलं नाही, तर सामान बांधून येईन आणि चकार शब्द काढणार नाही. तोवर मला बोलावू नकोस.

नकाशांची किरकोळ कामं मिळताहेत, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून एक ठरवलं आहे. समोरच्या दारात दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांचा दवाखाना म्हणजे एक खुर्ची आणि एक बेसिन. पेशंट गाल धरून जिन्यावर उभे असतात. काल मी त्यांना म्हटलं, माझी बाहेरची खोली संध्याकाळी पेशंटना बसायला भाड्याने घ्या, नंबरही मीच पुकारीन. ते आधी हसले. मग त्यांनी भाडं विचारलं.

लोभ आहेच. वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोळे पांढरे झाले. ज्या खोलीत बाबा पेपर वाचत बसायचे, तिथे परके लोक सुजलेली थोबाडं घेऊन बसणार? आईच्या सोफ्यावर? उद्या कुणी त्यावर रक्त थुंकलं तर तो काय डॉक्टर धुऊन देणार आहे? घरात निम्मा वाटा माझा आहे हे मी कधी बोलून दाखवलं नाही आणि आताही दाखवत नाही. पण पदवीधर बाईने दारात उभं राहून नंबर पुकारायचे, याला काय म्हणावं?

तुझी वहिनी पत्र वाचून हसत सुटली. काय झालं विचारलं तर सांगत नाही. तिच्या आईची खोली रंगवून घेतली आहे, तुझा पलंग खिडकीशी लावतोय. हट्ट सोड.

माझी उजवी दाढ ठणकते आहे. त्यावर विनोद नको.

आशीर्वाद आहेत, राग आहे, दोन्ही पोचते करतो.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या सोफ्याची काळजी करू नकोस, तो आतल्या खोलीत उभा करून ठेवला आहे. खोलीचा मी मापाने नकाशा काढला तेव्हा कळलं, सोफा जागा खातो आणि माणसं बसवत नाही. दोन अनोळखी माणसं दोन टोकांना बसतात आणि मधली जागा कुणी घेत नाही. बंद पडलेल्या एका शिकवणीच्या खुर्च्या आणल्या आहेत. गुडघे गुडघ्यांना लागत नाहीत.

मला खरी अडचण निराळीच आली. पेशंट मलाच विचारतात, दुखेल का हो? डॉक्टर म्हणाले, खुशाल नाही म्हणून सांगा. मला ते जमेना. जागेचं भाडं घेते, खोटं बोलायचं घेत नाही. म्हणून सांगते, दुखेल, पण आत्ता दुखतंय त्याहून कमी. डॉक्टर भडकले, माझे पेशंट पळवणार का म्हणाले. पण उलट झालं. आधी जिन्यावरूनच पळून जाणारे आता बसून राहतात. मी बरोबर केलं का, याचा विचार अजून करते आहे. दुसऱ्यांच्या ठणक्यावर आपला संसार चालतो, हेही टोचतं.

एक नियम मात्र केला आहे, जो आधी येईल तो आधी जाईल. परवा डॉक्टरांचे घरमालक आले, त्यांनाही बसवलं. ते पाय आपटत बसले. आपटू देत.

वहिनीला सांग, हसण्याचं कारण मला कळवलं तर मीही हसेन.

माया असू दे, उपदेश थोडा कमी चालेल.

तुझी,
बारकी

२ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

सोमवारी काय झालं ते तुझ्या बाजूने तुला ठाऊक आहे. माझी बाजू ऐक.

न कळवता आलो, कारण तुला समोर बसवून चार गोष्टी सुनवायच्या होत्या. दार उघडंच होतं. मी तडक आत निघालो तर डोक्याला फडकं बांधलेल्या एका आजीबाईंनी मला हटकलं, कुठे निघालात म्हणाल्या. मी म्हटलं, हे माझं घर आहे. त्या म्हणाल्या, दाढ दुखली की सगळ्यांचंच असतं, मागच्या आठवड्यात एक जण डॉक्टरांचा मेव्हणा होता, बसा मुकाट्याने. सगळी खोली हसली. ज्यांना तोंड उघडवत नव्हतं तेही हसले.

तेवढ्यात तू आलीस. मला पाहिलंस आणि हातात नंबर ठेवलास. आणि मी तो घेतला! का घेतला ते अजून कळत नाही. बाबांची खुर्ची असायची त्या कोपऱ्यात बसलो. आजीबाई आत जाताना पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेल्या, घरचेच आहात ना, सांभाळा म्हणाल्या.

मग माझा नंबर आला. दुखेल का, असं मी तुला हळूच विचारलं. तू सगळ्यांना देतेस तेच उत्तर मलाही दिलंस. सख्ख्या भावाला! राग आला आणि धीरही आला.

बाहेर आलो तेव्हा तोंडात कापूस. जे बोलायला इतक्या लांब आलो होतो त्यातलं एक अक्षर फुटेना. तू गार दूध दिलंस आणि पुढचा नंबर पुकारायला गेलीस.

तर ते बोलणं राहिलंच. आता आठवतही नाही. डावी दाढही काढावी लागेल म्हणाले, पंधरा दिवसांनी येणाऱ्या बुधवारचा नंबर लावून ठेव.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त सुजलेल्या गालाने.

तुझा,
दादा

३ मे

प्रिय बारकी,

यांच्या पाकिटातच माझी चिठ्ठी घालते आहे. हे सोमवारी दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन निघाले होते, तुझं सामान भरून आणायला. तशाच रिकाम्या परत आणल्या, आणि गाल धरून माझ्या आईला सांगत होते, आमच्या बारकीने घरमालकालासुद्धा रांगेत बसवलं. बॅगांचं मी सांगितलं म्हणालीस तरी चालेल.

मी तेव्हा का हसले, तर मला वाटलं होतं, तू निमूट येशील आणि माझ्या आईच्या उशाशी अडकशील. फार बरं वाटलं गं, नाही आलीस ते. आईसाठी दिवसभराची बाई ठेवली आहे. खिडकीशी आता आईच झोपते.

तुझीच,
वहिनी

८ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

उन्हाळा संपायला अजून अवकाश आहे, तरी शब्द दिला होता म्हणून कळवते. घरपट्टी भरली. वीज भरली. पोट भरलं, आणि कालपासून सकाळीही खोली दिली आहे, रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याला. तेव्हा मी येत नाही. तू ये, कितीदाही ये.

बुधवारचा नंबर लावून ठेव म्हणतोस. नंबर पत्राने लागत नाही, दादा. सगळ्यांसारखं येऊन बसावं लागेल.

आणि येताना त्या दोन बॅगा जरूर आण. आईच्या सोफ्याच्या उशा मला अडचण करताहेत, त्या भरून घेऊन जा.

लोभ आहे तिथेच आहे, पत्ताही तोच.

तुझी,
बारकी