आईने कापलेली पत्ती

कॉर्क, ३ मार्च १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा तालीम अर्धी टाकून तुम्ही परस्पर बसने गाव गाठलंत. मी स्टेजवर वाट बघत राहिले. संचालक एवढंच म्हणाले होते, की हॉलमधल्या हीटरमुळे तुमच्या भात्याच्या पाइपचा स्वर केसभर चढलाय, आतली स्वर काढणारी वेताची पत्ती जरा तासून घ्या. एवढं रागवायचं काय त्यात? आता ते म्हणतात, दुसरा पाइपवाला बघ. अख्ख्या वाद्यवृंदात तुमचा पाइप वाजावा म्हणून तर मी ही रचना लिहिली. मला दुसरा नकोय. चौदा तारखेच्या कार्यक्रमाला येणार की नाही, तेवढं कळवा. आणि नुसत्या बटाट्यांवर राहू नका.

तुमची,
दर्व्ला

क्वील्टी, ५ मार्च

चि. दर्व्लास, अनेक आशीर्वाद.

रागावलो नव्हतो गं, घाबरलो होतो. पाइपमधली ती पत्ती तुझ्या आईने जाण्याआधी कापलेली शेवटची. बाकीच्या चिरल्या. एकदा तासली की गेली, पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. तुझ्यासाठी म्हणून काल चाकू हातात घेतला आणि परत ठेवला. आपल्या ओलसर स्वयंपाकघरात ती गुणाने बोलते. गरम हॉलमध्ये चढते, अगदी तुझ्या आईसारखी. तुझी रचनाही बिघडायला नको. काय करू, सांग.

बटाटे मी तीन तऱ्हांनी करतो. टोमणे पुरेत.

तुझा,
बाबा

कॉर्क, ७ मार्च

ती. बाबांस, सा. न.

आधी तो चाकू लांब ठेवा! मला का नाही बोललात? तालमीत मी सगळ्यांना सांगितलं. ओबो फुंकणारी ऊना, वाजवण्याआधी जिच्याकडून सगळे स्वर घेतात, तीही आपल्या पत्त्या स्वतःच कापते. ती म्हणाली, या वेळी स्वर तुझ्या बाबांनी द्यावा. पत्ती चढली तर आम्हीही चढू. संचालकांनी कपाळाला हात लावला, मग स्वतःच जाऊन हीटर बंद केले. व्हायोलिनवाले कुरकुरताहेत, म्हणे कोट घालून वाजवू. तुम्ही फक्त या.

वाट पाहणारी,
दर्व्ला

क्वील्टी, १६ मार्च

चि. दर्व्लास, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. हुश्श झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा कोपराने भाता दाबला. स्वर दिला. आधी ऊनाबाई, मग व्हायोलिनं, मग मागचे पितळी भोंगे, एकेक करत वर आले.

तुझी आई जन्मात कधी कुणाच्या स्वरात स्वर मिसळून बोलली नाही. परवा एवढी माणसं कोट घालून तिच्या स्वरात आली.

चाकूने आज बटाटे सोलले.

लोभ आहेच, तो असाच ओला राहो.

तुझा,
बाबा