उलथलेल्या प्रवाळांस हात लावण्याच्या परवानगीबाबत

दिनांक : ३ नोव्हेंबर, सायंकाळ

प्रति,
माननीय संचालिका,
सागरी उद्यान कार्यालय,
सान्ता ब्रिहिदा बेट.

विषय : चक्रीवादळात उलथलेली प्रवाळे सरळ करण्यासाठी त्यांस हात लावण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २४ ऑक्टोबर.
२) आपले उत्तर, दि. २९ ऑक्टोबर.

महोदया,

कार्यालयावर छपराऐवजी अद्याप ताडपत्री असताही आपण पाचव्या दिवशी उत्तर धाडलेत, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. गिल्येर्मिना वादळ येऊन गेल्यापासून या बेटावर इतक्या तत्परतेने दुसरे काहीही परतलेले नाही, वीजही नाही.

आपण सप्टेंबरात मुख्य भूमीवरून येथे रुजू झालात, आणि ऑक्टोबरात समुद्र आपल्या भेटीस आला. त्यामुळे आपला परिचय व्हावयाचा राहून गेला. मी एल्पिदिओ काउइच, वय त्र्याहत्तर. एक्केचाळीस वर्षे पाहुण्यांस समुद्रतळाचे दर्शन घडविणारा पाणबुड्या वाटाड्या होतो, आणि त्यांतील तीस वर्षे नव्या वाटाड्यांचा शिक्षक. आज बेटावर असलेले एकोणीसही वाटाडे माझ्यापाशी शिकलेले आहेत. प्रस्तुत अडचणीचे मूळ दुर्दैवाने त्या शिकवणीतच आहे.

१. दि. १८ ऑक्टोबर रोजी वादळाने दक्षिण किनाऱ्यासमोर, सात मीटर खोलीवर, घुमटासारखी शेहेचाळीस प्रवाळे मुळापासून उपटून पालथी घातली. काही ट्रकच्या चाकाएवढी आहेत व माझ्या आजोबांच्या जन्मापूर्वीची आहेत. त्यांची जिवंत बाजू वाळूत रुतली आहे. डॉ. मारिसोल उइकाब या सागरी जीवशास्त्रज्ञ बाईंच्या मते अशा स्थितीत ती फार तर पंचवीस दिवस तग धरतील, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत. सरळ करून ठेवल्यास बहुतेक वाचतील. कामास पहार, दोर आणि माणसांचे हात एवढेच लागते.

२. हात हीच अडचण आहे. या बेटावर वाटाड्या होणारा माणूस सर्व गावासमक्ष धक्क्यावर उभा राहून, ओल्या हातांनी स्वतःची मनगटे धरून शपथ घेतो, की पाण्याखाली माझे हात माझ्यापाशी राहतील. ही प्रथा मी सुरू केली. ती किती खोल रुजली याचे एक उदाहरण देणे आवश्यक वाटते. माझा ज्येष्ठ शिष्य फुल्हेन्सिओ पोओत याच्या बोटातील लग्नाची अंगठी अकरा वर्षांपूर्वी निसटून एका प्रवाळाच्या वळीत पडली. त्याने ती उचलली नाही. दर रविवारी तो खाली जाऊन, हात छातीशी धरून, तिचे दर्शन घेऊन येत असे. प्रवाळाने तिला अर्धे वेढले तेव्हा त्याची पत्नी दोन्या चाबेला बाजारात सर्वांना सांगू लागली, “नवरा नुसता नावाला माझा. अंगठी घातलीय त्या दगडाला.”

३. आपल्या उत्तरात नियम ९ अन्वये स्पर्शास मनाई असल्याचे, तथापि नियम ३१ अन्वये संचालकांस लेखी परवानगी देता येत असल्याचे नमूद आहे. त्याकरिता जागेची निश्चिती नोंदणीकृत तरंगत्या खुणेवरून व्हावी लागते. आमची खूण क्रमांक १४ आहे. वादळाने ती साखळीसह उचलून दोन्या चाबेला यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात आणून ठेवली. दि. ३१ रोजी आपले निरीक्षक तेथे आले. त्यांनी नियमाप्रमाणे खुराड्याची लांबीरुंदी घेतली आणि नोंद केली, ‘जागा : खुराडे. प्रवाळ आढळले नाही.’ त्या वेळी दोन्या चाबेला त्यांस म्हणाल्या, “नीट बघा साहेब, कोंबडीखाली असेल.” या वाक्याबद्दल मी त्यांच्या वतीने क्षमा मागतो. नोंद सत्य आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. केवळ इतकेच सुचवितो, की खूण हलली म्हणून समुद्र हललेला नाही.

४. हॉटेले रिकामी झाली. पाहुण्यांचे दूरध्वनी मात्र येतात. आमच्या छपरांची चौकशी ते सभ्यतेखातर करतात, आणि मग हळूच विचारतात, खाली काही उरले आहे का. आम्ही ‘आहे’ असे सांगतो. हे उत्तर अजून नऊ दिवस खरे आहे.

५. काल पितरांच्या दिवशी स्मशानभूमीत फुले वाहून झाल्यावर मी सर्व वाटाड्यांस धक्क्यावर जमविले आणि कागदाविनाच कामास लागण्याची विनंती केली. कोणी उठले नाही. एकाने विचारले, की उद्या पाहुण्यांना ‘हात लावू नका’ हे कोणत्या तोंडाने सांगायचे. दुसऱ्याने खोकल्याचे निमित्त केले. अखेरीस फुल्हेन्सिओ म्हणाला, “मास्तर, लावू नका हे तुम्हीच शिकवलंत, आणि आम्ही ते ऐकलं. आता लावा म्हणताय. तेही ऐकलं, तर मग आधी ऐकलं त्याला काय अर्थ राहिला? कागद आणा. कागदावर असेल तर तो नियम, नाहीतर नुसती तुमची इच्छा.” महोदया, तीस वर्षांत मला यापेक्षा चांगला विद्यार्थी मिळाला नाही, आणि यापेक्षा गैरसोयीचाही नाही.

६. म्हणून आज प्रातःकाळी मी एकटाच खाली उतरलो. वैद्यांनी दोन वर्षांपूर्वी मला पाण्याखाली जाण्यास मनाई केली आहे. तो दोष स्वतंत्र धरावा. मी बुडू नये म्हणून फुल्हेन्सिओ मागोमाग आला. एका मध्यम प्रवाळास प्रथम मनातल्या मनात नमस्कार केला, आणि मग हात लावला. ते अर्धे उचलले गेले आणि तेथेच माझे बळ संपले. सोडावे तर ते माझ्या पायावर येणार, धरावे तर धरवेना. फुल्हेन्सिओ दोन हात अंतरावर तरंगत होता, मनगटे घट्ट धरून. किती वेळ ते सांगता येत नाही. माझ्या नळकांड्यातील हवेच्या हिशेबाने पुष्कळ. मग त्याचे हात सुटले.

प्रवाळ सरळ झाले. वाळूतून निघालेल्या बाजूवर तळहाताएवढा भाग पांढरा पडला होता. बाकी सर्व जिवंत होते. त्यानंतर आम्ही आणखी दोन सरळ केली. वर आल्यावर फुल्हेन्सिओ बराच वेळ होडीची कड धरून बसला होता. मग म्हणाला, “अर्जात माझं नाव घाला, मास्तर. आणि लिहा, की शुद्धीवर होतो.” त्याप्रमाणे लिहिले आहे.

७. तरी विनंती अशी :

(अ) उर्वरित अठरा वाटाड्यांस आपल्या सहीशिक्क्याने परवानगी द्यावी. ते धक्क्यावर पहारी घेऊन बसले आहेत. कागद येताच उतरतील; त्यापूर्वी उतरणार नाहीत, आणि त्यांनी उतरावे असे आता मलाही म्हणवत नाही.

(आ) आम्हा दोघांवर नियम ९ अन्वये जी कारवाई व्हावयाची ती अवश्य व्हावी. मात्र ती १२ तारखेनंतर व्हावी. रविवारी काम करण्यास पाद्रींनी अनुज्ञा दिली आहे. त्यांस अर्ज लागला नाही.

(इ) परवानगी देणे अशक्य असल्यास एक मार्गदर्शन करावे. दोन माणसांकडून दिवसाला तीन प्रवाळे होतात. दिवस नऊ आहेत, म्हणजे सत्तावीस. उरलेली त्रेचाळीस आहेत. त्यांतील कोणती सोळा सोडून द्यावीत, एवढे कार्यालयाने कळवावे. हे ठरविण्याचा अधिकार मजपाशी नाही.

उद्या सकाळी सहाच्या सुमारास आम्ही पुन्हा उतरू.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
एल्पिदिओ काउइच
(सेवानिवृत्त वाटाड्या)

सोबत :
१) प्रवाळांचा हस्तलिखित नकाशा, क्रमांकांसह.
२) माझा व फुल्हेन्सिओ पोओत याचा वाटाड्याचा परवाना, दोन्ही मूळ प्रती.
३) नकाशावर सोळा खुणा करण्यासाठी पेन्सिल, एक.