घरची, पाहुणी, कामगार

१. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी पिंपळगाव बसवंत येथे महेशदादांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा व्हॉल्व्ह फुटला.
२. प्लांटरूममध्ये मी आणि सुवर्णा होतो. सुवर्णा महेशदादांची बहीण, तिथली सुपरवायझर, पॉलिटेक्निकपासूनची माझी मैत्रीण.
३. मी तिला बाहेर ढकलले आणि आत राहून अमोनियाची लाइन बंद केली.
४. माझी श्वासनलिका भाजली.
५. चौकशीला आलेल्या निरीक्षकांना सुवर्णा म्हणाली, "अंजू? ती आमची पाहुणी. द्राक्षं न्यायला आली होती."

मी, अंजली सहादू गांगुर्डे, वय २८, रेफ्रिजरेशन तंत्रज्ञ, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. २० जूनला माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला आहे.

माझी बँकेतील शिल्लक व स्कूटर आई लताबाई हिला. स्कूटर विकावी. मामाच्या भिडेखातर कोणाला वापरायला देऊ नये.

गेज, पाने आणि लीक डिटेक्टर पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपला. डिटेक्टर माझा आहे. मालकाने प्लांटवर ठेवलाच नव्हता.

थंड खोलीत घालायचे जाकीट सुवर्णाचे आहे. तिला परत द्यावे. पाहुणीला ते तीन हंगाम का घालू दिले, हे तिनेच सांगावे.

महेशदादांना काही नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना कामगारांचा विमा काढायला सांगितले होते. हप्ता भरावा लागतो, तपासणी होते, हे मान्य केले. पण अपघात झाला तर भरपाई विमा कंपनी देते, धंदा बसत नाही. कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. त्याचा तोटा असा की रक्कम वय आणि पगारावरून ठरते, वेदना त्यात धरत नाहीत; आणि ती घेतल्यावर त्याच अपघातासाठी वेगळा दावा सहसा करता येत नाही.

दादा हसले. "अगं, तू घरची. घरच्या माणसाचा कसला विमा?"

सुवर्णा म्हणाली, "दादा, जपून. ही मेली तरी पावती मागेल."

मीही हसले होते.

घरची म्हणून विमा नाही, पाहुणी म्हणून भरपाई नाही. कामगार हा शब्द त्या घरात कोणी माझ्यासाठी वापरला नाही.

या अपघाताने मृत्यू आला तर मिळणारी भरपाई मी मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नाही. ती कायद्याने अवलंबून असलेल्यांची, म्हणजे माझ्या विधवा आईची. मात्र मी कामगार ठरले तरच. पगार रोख होता. हंगामी मजूर सुरगाण्याला परत गेले. त्यांचा पत्ता लागत नाही. उरली सुवर्णा.

साक्षीदार: बुद्धभूषण मोतीराम साळवे, गोजराबाई चिमाजी पगारे. दोघांनाही यातून काही मिळत नाही. मी त्यांच्यासमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सही केली.

सही: अंजली सहादू गांगुर्डे
नाशिक, १० जून २०२५

सुवर्णा, ही प्रत तुला. निरीक्षकांकडे जाऊन खरा जबाब देणार आहेस का, ते बुधवार, १८ जूनपर्यंत लेखी कळव.