नकाशात कोप कुठं हाय

१२ डिसेंबर, गुरुवार. लातूर.
सत्तावीस सह्या झाल्या. आज तेलमिलवाल्यांनी पण केली.  रिंगरोडच्या पलीकडं अठ्ठावीस मालकांची जमीन एकत्र करायची. मधून ओढा मोकळा. खाली दुकानं, वर घरं. पोरं चालत जातील एवढ्यावर शाळा. आधी झाडं, मग भिंती. मार्चमध्ये लातुरात आले तेव्हा हे नुसतं बोलणं होतं, आता खरंच होऊन राहिलंय. नगररचनेचं माझं स्वतःचं पहिलं काम.
राहिले एकटे बसलिंगअप्पा. त्यांचं तीन एकर बरोब्बर मधोमध. ते नसले तर ओढाही तुटतो न् रस्ताही. कंपनीचे सर म्हणाले, ३१ जानेवारीपर्यंत अठ्ठावीस सह्या, नाहीतर फाईल बंद. जमलं तर मला पुण्याच्या ऑफिसात घेणार. कुणाला सांगायचं नाही अजून. दोन पेढे खाल्ले.

२३ डिसें. सोम.
३० ला सकाळी अकराला मंगल कार्यालयात सगळ्या मालकांची बैठक लावली. ग्रुपवर टाकलं, धडाधड अंगठे. अप्पांकडं मोबाईल नाही, म्हणून त्यांच्या सुनेला, शिवलीलाला सांगितलं. ती हसायलाच लागली. "तीस तारखेला? बघा बाई तुम्ही." त्यात हसण्यासारखं काय होतं देव जाणे. पण ही बाई मला आवडते. घरी शिलाई मशीन चालवते. नकाशा दाखवला तर आधी दुकानाची रुंदी विचारली.

३० डिसें. सोम.
चाळीस खुर्च्या, साठ चहा, मी आणि माईकवाला. बारापर्यंत एक माणूस आला नाही. रस्त्यावर सगळी शटरं खाली. माईकवाला वायर गुंडाळत म्हणाला, "म्याडम, आज येळवस हाय. अख्खं लातूर रानात जेवलालंय. मी बी निघलालो."
आमच्या गावी, उमरीत ही वेळ अमावस्या कुणी अशी करत नाही. कॅलेंडरवर छापलेलं होतं, वाचलंही होतं, अमावस्या म्हणून सोडून दिलं. आणि त्या अंगठेवाल्यांनी काय वाचलं होतं? ग्रुपवर काही टाका, अंगठा ठरलेला.
तेवढ्यात शिवलीलाचा फोन. "अप्पा म्हणलालेत, म्याडम उपाशी बसल्या आसतील, रानात घिऊन ये." माईकवाल्याच्याच टेम्पोत बसून गेले, नकाशाची गुंडाळी मांडीवर.
उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड. हेच पांडव. भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील. लाज सोडून तीनदा वाढून घेतलं. माझे सत्तावीस मालक आजूबाजूच्या रानांत, एकमेकांच्या कोपींत जेवत फिरत होते. जमलेच आहेत तर म्हणून घोंगडीवर नकाशा उघडला.
अप्पांनी बोट फिरवत फिरवत विचारलं, "ह्याच्यात आपली कोप कुठं हाय?"
शोधली. त्या जागी लिहिलं होतं, वाहनतळ २. माझ्याच अक्षरात.  अप्पा म्हणाले, "आंबील घ्या आजून." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ डिसें.
आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ज्या गावचं खायचं त्या गावचे सण माहीत नकोत का गं?" राग आला. बरोबर होतं म्हणून जास्त आला.

२ जाने. गुरु.
सापडलं! मधल्या बागेत हिरवळ कशाला? एक एकर रानच ठेवायचं. ज्वारी, हरभरा, करडई. कोप जिथल्या तिथं. फ्लॅटमधले लोक येळवशीला कुठं जाणार? खाली उतरतील की. वाहनतळ जाईल रिंगरोडला. सकाळपासून तीनदा नकाशा काढला, चहा तसाच गार. जेवायचं राहिलं.
सर फोनवर: "उद्यानात ज्वारी? कुणी बघितलीय का?" म्हटलं, लातुरात बघतील. "पाठव नकाशा," म्हणाले. म्हणजे हो.

८ जाने. बुध.
नवा नकाशा घेऊन अप्पांकडं. कोपीवर बोट ठेवून म्हणाले, "पेरणार कोण? बागंला माळी चालतो. रानाला मालक लागतो."
याचा विचारच केला नव्हता मी. झाडांची यादी केली, बाकांची केली, पेरणाऱ्याची नाही.
शिवलीला दारात उभी होती. म्हणाली, "मी पेरते की. खाली दुकान, वर घर, म्होरं रान. मला आजून काय पायजे?"
"तिफण धरता येती का?"
"तुम्ही शिकवा."
अप्पा हसले. त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मला तर तिथंच नाचावं वाटलं.

१९ जाने.
सत्तावीस घरांनी कबूल केलं, पेरणी-काढणीला घरटी एक माणूस. हे मात्र तोंडी नाही, लिहून घेतलं. अंगठे नकोत म्हटलं.

३० जाने. गुरु.
कागद घेऊन गेले. अप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. रान, कोप, ओढा. पेन हातात घेतलं. आणि विचारलं, "पुढल्या येळवशीला तुम्ही कुठं आसणार?"
नेमकं हेच नको होतं. पुण्याचं मी शिवलीलालाही बोलले नव्हते.
"नकाशा काढणारे लई बघितले. काढतेत आन् जातेत. मागं कोपीचं वाहनतळ व्हायला कितीसा येळ लागतो?"
एका 'हाव, इथंच'वर सही मिळाली असती. पण खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगते. अप्पांनी पेन खिशाला लावलं. "मग सही बी उद्या." रागानं नाही, साधंच. निघताना शिवलीलानं डबाभर हुरडा दिला. 
ओढ्याच्या काठानं चालत आले. जिथं रस्ता येणार, जिथं तिचं दुकान येणार, सगळं पावलांनी मोजत. 
आईला फोन केला, येळवशीच्या भज्जीत काय काय पडतं म्हणून. म्हणाली, "मला काय माहीत? तिथल्या बायांना विचार." मग म्हणाली, "कशाला लागलं गं तुला आत्ताच?"
पुण्याचं सांगायला सरांना अजून फोन केलेला नाही. उद्या अकराला अप्पांकडं जायचंय.