पालखीचा उजवा खांदा

डोंबिवली, ६ मार्च २०२५

सौ. सुहासिनीस,
अ. उ. आ. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. फ्लूचा ताप उतरला. जिना चढताना धाप लागते, छातीत दडपल्यासारखं होतं, पण ते पित्त. कोकम सरबत घेतोय. पाडव्याच्या यात्रेत पालखीचा पुढचा उजवा खांदा बाबांनंतर माझा, तो सोडणार नाही. रोज गच्चीवर तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो. सूनबाई मैथिली ओरडते, तिला ओरडू दे.
तुझा दादा

ठाणे, ८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. अरे, तापातून उठलेला माणूस गोण्या उचलतो का? आणि पित्ताने धाप लागते, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? पत्र ह्यांच्याच हाती पाठवतेय. तुला दवाखान्यात नेल्याशिवाय ते परत यायचे नाहीत, आणि जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही!
तुझी काळजीत पडलेली सुहास

डोंबिवली, १४ मार्च

चि. सुहास,
आशीर्वाद. काल घरी सोडलं. फ्लूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. आणखी ओझं उचललं असतं तर ठोके बिघडून जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. कोकम सरबताचं सांगितल्यावर मात्र ते खूप हसले. मी फार घाबरलो होतो गं. बरा होईन, पण काही महिने जड उचलणं बंद. आता खांदा जाणार. चिरंजीव परदेशात, आणि घरचं कुणी नसलं की समिती जागा दुसऱ्याला देते. शेजारचा सलिल टपलेलाच आहे. रडू येतं.
दादा

ठाणे, १७ मार्च

ती. दादास,
सा. न. घरचं कुणी नाही म्हणजे? मी काय बाबांना रस्त्यात सापडले होते? समितीच्या आनंदरावांना फोन केला. आधी चाचरले, बायकांनी कधी उचलली नाही म्हणाले. मग मी बाबांचं नाव घेतलं, तेव्हा कबूल झाले. तू गुपचूप खुर्चीत बसून बघ.
सुहास

डोंबिवली, ३१ मार्च

चि. सुहास,
आशीर्वाद. काल तू पुढे बघत चालत होतीस, म्हणून मागचं सांगतो. चौकात खांदा बदलायला सलिल आला, तू त्याला मानेनेच परत पाठवलंस, आणि बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझे डोळे भरून आले. मैथिली घाबरून माझी नाडी बघायला लागली! सगळी वर्षं आपण एका घरचे, पण तुला खांदा हवाय का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, तब्येत साथ देत राहिली तर पुढच्या पाडव्याला मला परवानगी मिळेल. तरी आनंदरावांना सांगून आलोय, उजवा खांदा आता सुहासिनीचा. मी तिच्या शेजारी, डावीकडे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा दादा