काचेच्या पेटीवरची साय

राजेश्री, तुझ्या पेटीतलं पाणी आरशावानी आन् माझ्या पेटीतलं पालकाच्या भाजीवानी, हे कसं, ते आधी सांग. पेटी एकाच दुकानातली, मासे तसलेच तांबडे, झाडं बी तीच. मंग तुझ्या पाण्यावर चमक आन् माझ्या पाण्यावर तेलकट साय कामून? तू कायतरी लपवून ठेवायलीस. सोळा वर्षं जाव हाय मी तुझी. पुरणपोळी कशी केली इचारलं तर अर्धीच सांगतीस, ही तुझी सवय मला म्हाईत हाय.

(राम राम ऱ्हायलाच. वालूरहून थोरली जाव कस्तुराबाई हिचा तुला आशीर्वाद. परमेश्वर भाऊजींचा गुडघा कसा हाय? आमचे हे खोकला सोडून बरे हायेत. आत्याबाईंना नमस्कार सांग, आन् उजव्या बाजूनं सांग, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत न्हाई. झाली खुशाली.)

आता तूच सांग. आत्याबाई सासू दोघींच्या. सहा म्हैने परभणीत तुझ्याकडं, सहा म्हैने हितं माझ्याकडं, ही मामंजी गेल्यापासूनची वहिवाट. दसऱ्याला गेल्या, पाडव्याला यायच्या. पाडवा झाला, आखिती आली, तरी म्हातारीचा पत्ता न्हाई. फोन केला की म्हणत्यात, थांब गं, मोठ्या माशानं पान उपटलं, मंग बोलते. आन् ठेवूनच देत्यात! पंचवीस वर्षं मी त्यांना दुधात भाकर कुस्करून दिली, पण माझ्याकडं कधी अशा टक लावून बघितल्या न्हाईत. वर तू फोटो धाडतीस. आत्याबाई खुर्चीवर, पेटीत लाईट, हिरवीगार झाडं, आन् म्हातारी लेकरावानी हसायली. मी त्यो फोटो मोठा करकरून बघितला, पाण्यावर एक डाग तरी सापडंल म्हणून. न्हाई सापडला.

म्हणून मी बी पेटी आणली. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावी म्हणून खिडकीत ठिवली, ऊन सकाळपासून थेट तिच्यावर. (उन्हानं शेवाळ होतं हे तू नंतर सांगितलं. आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं व्हतं?) आपल्याकडं नवं बोर लागलं की पाण्याची पूजा करत्यात, हे तुला सांगायला नको. घरात नवं पाणी आलं, मी बी केली. हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी सोडलं, चमचाभर दहीभात सोडला. मासे काय आवडीनं खायलेत म्हणून आणखी एक चमचा. तिसऱ्या दिवशी वर साय धरली. मी म्हणलं, असंल, दूध तापलं की धरतीच. मंग झाडं मला जरा पिवळी दिसली. आपण शेतकऱ्याच्या लेकी, झाड पिवळं पडलं की काय करावं हे आपल्याला कोण शिकवणार? वांग्याला घालतो तसं मूठभर लेंडीखत बुडाशी दाबलं. झाडं तर वाढली न्हाईत, पण शेवाळ असं माजलं की इचारू नको. काचेला शेवाळ, दगडाला शेवाळ, पानापानाला हिरवे केस. मासे आत हायेत का न्हाई, ते खायला टाकल्यावरच कळायलंय.

बायनाबाई शेजारीण मुद्दाम बघायला आली. पदर तोंडाला लावून म्हणती कशी, "बाई, शेवाळच पाळायचं व्हतं तर आमच्या हिरीतलं घागरभर न्यायचं, फुकट दिलं असतं." मी तिला चहा सुदिक इचारला न्हाई.

तुझे इलाज बी करून बघितले. पाण्यावर पेपर अंथरून उचल, साय त्याला चिकटून येती, म्हणालीस. मी अंथरला. साय आली, खरं हाय. पण त्यो पेपर आमच्या ह्यांनी वाचलेला नव्हता. कापसाचा भाव भिजला म्हणून माणूस दिवसभर फुगून बसला, आन् सांजच्याला दोरीवर वाळत घातलेल्या पेपरापुढं उभं ऱ्हाऊन वाचायलाय! दुसऱ्या दिवशी साय परत हजर. पंपाचं तोंड वर कर, पाणी हललं की साय धरत न्हाई, म्हणालीस. केलं. पाणी असं हललं की भिंतीवरचं कॅलेंडर आन् माझं अंथरूण दोन्ही भिजलं. पाणी थोडं थोडं बदल म्हणालीस. थोडं थोडं करत बसायला मला वख्त हाय का? मी एकदाच समदं बदललं. दोन मासे त्याच दिवशी गेले. तू म्हणालीस, वैनी, सबूर धरा. सबूर धरायला तुझ्याकडं आत्याबाई हायेत. माझ्याकडं काय हाय?

बरं. चिठ्ठी आपल्या गावच्या बजरंगच्या जीपीसंगं परभणीला धाडायले. लहान-मोठ्यांना ज्याचा त्याचा आशीर्वाद.

तुझी थोरली जाव,
कस्तुराबाई

ता. क. तुझ्याकडं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई हायेत म्हणं. धा-बारा ओल्या फडक्यात बांधून धाड. लहानखुऱ्या दिऊ नको, भुकेल्या बघून दे.

आणखी ता. क. ऱ्हाऊ दे गोगलगाई. खरं लिहिते. दसऱ्याला आत्याबाई निघाल्या त्या सकाळी आमचं वाजलं व्हतं. त्या म्हणाल्या, कालवणात मीठ जास्ती झालंय. मी म्हणाले, धाकटीच्या हातचं गोड लागतं तर तिकडंच ऱ्हावा. त्या उलटून काय बोलल्या न्हाईत, आन् तेच वाईट, कारण त्या कधी उलटून बोलल्याबिगर ऱ्हात न्हाईत. गप पिशवी उचलली आन् गेल्या. तेव्हापासून मी सोताला सांगायले की म्हातारी माशांपायी थांबली. आता घरात मला नावं ठेवायला कुणीच न्हाई, जेवण जात न्हाई. तर तू त्यांना उजव्या बाजूला बसून नीट इचार, माशांपायी थांबल्या का माझ्या तोंडापायी. मासे असतील तर मी पेटी साफ करून दावते, वाटलं तर दुसरी आणते. माझं तोंड असंल तर सोता येऊन पाया पडते, तुझ्यादेखत पडते, मंग तू हसलीस तरी चालंल. फोन करू नको, बायनाबाईला भिंतीपल्याड समदं ऐकू जातं. बजरंग गुरुवारी माघारी निघतो. त्याच्या हाती उत्तर पायजे. गुरुवार म्हंजे गुरुवारच.